शिकाऊ चालकांसाठी व्हीआर (आभासी वास्तव) सिम्युलेटर: प्रकल्प नोंदी

३ जून २०२५

जागा: पुण्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलची मागची खोली, १० बाय १२ फूट. खरी गाडी हातात देण्याआधी क्लच, गिअर, आरसे आणि मान वळवून मागे पाहणे या चार गोष्टी शिकाऊ माणसाच्या अंगवळणी पाडायच्या, एवढाच हेतू. खऱ्या गाडीतले तास कमी करण्यासाठी हे यंत्र नाही. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे, ८ तास वर्गातले आणि २१ प्रत्यक्ष. तिथे सिम्युलेटर असावाच लागतो, पण म्हणून रस्त्यावरचे तास टळत नाहीत. हे केंद्र त्या दर्जाचे नाही, तरी धोरण तेच ठेवले आहे.

सामान ठरले: डोळ्यांवर बांधायचा मेटा क्वेस्ट ३ हेडसेट (दर डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल), १२ जीबी ग्राफिक्स कार्डाचा संगणक, ८ न्यूटन-मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंग बेस (यात चाक थेट मोटारीच्या आसावर बसते आणि मोटार हाताला उलटा जोर देते), एच पद्धतीचा गिअर शिफ्टर, भंगारातले हॅचबॅकचे सीट, स्टीअरिंग आणि पेडलचा संच. सॉफ्टवेअर युनिटी ६ या गेम बनवायच्या साधनात, हेडसेटशी बोलणे ओपनएक्सआर या प्रमाण पद्धतीने. तयार रेसिंग गेम घेतला नाही. त्यात क्लच हा जवळजवळ बटणासारखा चालतो, आणि शिकाऊ माणसाचे निम्मे दुखणे तिथेच असते.

६ जून

सांगाडा उभा केला. ४० मिमी चौकोनी लोखंडी पाइप, २ मिमी जाडीचा, वेल्डिंग करून. मापे अंदाजाने घेतली नाहीत. खऱ्या गाडीत ओळंबा सोडून मोजली: टाच टेकते त्या बिंदूपासून स्टीअरिंगचा मध्य आडवा ३८ सेंमी, उभा ६२ सेंमी, चाकाचा कल उभ्या रेषेपासून २५ अंश, गिअरच्या गोळ्याची जागा सीटच्या मध्यरेषेपासून डावीकडे ३६ सेंमी. हीच मापे त्रिमितीय मॉडेलमध्ये जशीच्या तशी जाणार आहेत. ३ सेंमीची चूक मॉनिटरवर कुणाच्या लक्षातही येत नाही. हेडसेटमध्ये तेवढ्यानेच हात गोळ्याशेजारची हवा पकडतो.

भंगारातून स्टीअरिंग आणताना एक गोष्ट न चुकता पाहायची: एअरबॅग काढलेली आहे ना. मधल्या झाकणाखाली स्फोटक भरलेली कुपी असते. घरी आणून स्क्रूड्रायव्हर घालायची ही वस्तू नव्हे. एअरबॅग ज्याने गाडी तोडली त्याच्याकडूनच काढून घ्यायची आणि तिथेच सोडायची.

चाकाचा व्यास ३६ सेंमी. बेसला ७० मिमी वर्तुळावर ६ बोल्टांची जागा असते, गाडीच्या चाकाला मधोमध दात्यांचे भोक. दोन्हींच्या मध्ये लेथवर एक चकती करून घेतली.

९ जून

स्टीअरिंग हात सोडला की स्वतःच डावी-उजवी डुलते, आणि डुलणे वाढत जाते. गाडीचे चाक सिम्युलेटरच्या छोट्या चाकाहून मोठे आणि जड आहे, त्यामुळे त्याची जडता जास्त. त्यात गणितातून येणारा बल थोडा उशिरा पोचतो. उशिरा आलेला धक्का चाक परत फिरू लागल्यावर लागतो आणि झोका वाढवतो. उपाय साधा: बेसच्या सेटिंगमध्ये १५ टक्के डॅम्पिंग (फिरण्याला रोध) दिले, सर्वात जास्त बल ४० टक्क्यांवर बांधले. ८ न्यूटन-मीटर पूर्ण सोडले तर ३६ सेंमीच्या चाकाच्या कडेला ४४ न्यूटन लागतात. अंगठा चाकाच्या आरीत अडकला तर दुखापतीला तेवढे पुरे.

दुसरे दुखणे: गाडी उभी असताना चाक थरथरते. टायरचा घसरकोन (टायरचे तोंड आणि त्याची खरी वाट यांतला कोन) काढताना आडव्या वेगाला पुढच्या वेगाने भागतात. पुढचा वेग शून्याजवळ आला की उत्तर कुठेही उडते. ५ किमी वेगाखाली ते गणित बंद करून साधे घर्षण आणि हलका स्प्रिंग लावला. थरथर गेली, आणि उभ्या गाडीचे चाक फिरवताना लागणारा जडपणा आयता मिळाला.

सांगाड्यावर उजव्या हाताशी लाल तातडीचे बटण बसवले. वीज जाऊन परत आली की बेस स्वतःची जागा शोधायला फिरतो. त्या वेळी कुणाचा हात चाकात नसावा, म्हणून वीज आल्यावर बटण हाताने सोडेपर्यंत मोटारीला पुरवठाच मिळत नाही, अशी जोडणी केली. हेडसेट डोक्यावर नसेल तर बल शून्य, हेही प्रोग्राममध्ये घातले.

१३ जून

पेडल. क्लचच्या आसावर १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग) होता, तो आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडला. बोर्ड संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. इथवर सोपे.

अडचण बारकाईत निघाली. पोटेन्शिओमीटर ३०० अंश फिरतो, पेडल मात्र त्याला ६० अंशच फिरवते. बोर्डाचे १०२४ टप्पे ३०० अंशांवर पसरलेले, म्हणजे पेडलच्या पूर्ण प्रवासाला मिळतात साधारण २०५. हाफ क्लचचा पट्टा प्रवासाच्या पाचव्या भागाएवढा, म्हणजे फक्त ४० टप्पे. शिकाऊ माणूस पाय मिलिमीटरने सोडतो आणि गाडीला कळते पायऱ्या-पायऱ्यांनी. मग ती झटके देत बंद पडते आणि दोष त्याच्या पायाला लागतो!

एडीएस१११५ हे वेगळे १६ बिटी मापनयंत्र मध्ये बसवले. ५ व्होल्टचा पाचवा भाग, म्हणजे १ व्होल्ट, आता ५,३०० च्या वर टप्प्यांत मोजला जातो. ते मुळात सेकंदाला १२८ नमुने देते, वाढवून ८६० केले. पायऱ्या गेल्या.

ब्रेकला पेडलची जागा मोजण्याऐवजी दाब मोजणारा लोडसेल लावला, कारण खऱ्या ब्रेकवर पाय अंतर लक्षात ठेवत नाही, जोर लक्षात ठेवतो. सोबत त्याचा संकेत आकड्यांत बदलणारा एचएक्स७११ चा छोटा बोर्ड. बाजारात मिळणारे बहुतेक बोर्ड सेकंदाला १० नमुन्यांवर बांधलेले येतात, म्हणजे ब्रेक दाबल्यावर गाडीला कळायला १०० मिलिसेकंदांपर्यंत. चिपचा १५ क्रमांकाचा पाय (पिन) ग्राउंडला जोडलेला असतो. तो सोल्डर सोडवून उचलला आणि शेजारच्या १६ क्रमांकाच्या पुरवठ्याच्या पायाला जोडला की ८० नमुने मिळतात. बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न आणि भिंग हवे. एक बोर्ड यात गेला.

१७ जून

पहिल्यांदा हेडसेट लावून गाडी चालली. सरळ रस्ता, ५० किमी वेग. समोर पाहिले तर ठीक, पण बाजूची झाडे दुहेरी दिसतात आणि डोळे लगेच दुखतात.

कारण घड्याळांत. युनिटीचे भौतिकशास्त्र मुळात सेकंदाला ५० वेळा चालते, हेडसेटचा पडदा ७२ वेळा. म्हणजे दर सेकंदाला २२ फ्रेम अशा, की गाडी जागची हललेलीच नाही, आणि पुढच्या फ्रेमला ती एकदम २८ सेंमी पुढे. मॉनिटरवर ही उडी नजरेआड होते. हेडसेटमध्ये डोके हलते ते सुरळीत आणि गाडी हलते ती उड्या मारत, म्हणून डोळा दोन चित्रे धरतो.

पायरी ०.०२ सेकंदावरून १४४ हर्ट्झची केली, म्हणजे दर फ्रेमला दोन. गाडीच्या रिजिडबॉडीचे इंटरपोलेशन (दोन पायऱ्यांमधली जागा हिशेबाने भरणे) चालू ठेवले, कारण दोन्ही घड्याळे एकमेकांना बांधलेली नसतात. त्याने लागणारा उशीर आता ७ मिलिसेकंदांत मावतो. इंजिन-क्लचचे गणित प्रत्येक पायरीत आणखी ८ तुकड्यांत चालवले. क्लच घसरता घसरता पकडतो त्या क्षणी बल फार झपाट्याने बदलते, आणि लांब पायरीत ते या टोकापासून त्या टोकाला आपटत राहते.

१८ जून

९० हर्ट्झ की ७२? ९० ला प्रत्येक फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ ला १३.९. वाहतूक भरल्यावर चौकात ११.१ चुकतात. मग मधली फ्रेम कृत्रिमरीत्या बनवली जाते आणि स्टीअरिंगच्या आऱ्या, काचेशेजारचा खांब पाण्यातून पाहिल्यासारखे डुलतात. ७२ पक्के केले, कृत्रिम फ्रेम बंद. डळमळीत ९० पेक्षा ठाम ७२ पोटाला मानवते. सावल्या एकाच दिव्याच्या, कडा गुळगुळीत करायला ४ पट एमएसएए, चित्र काढायची फॉरवर्ड पद्धत, आणि दोन्ही डोळ्यांचे चित्र एकाच फेरीत.

२१ जून

या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बसण्याच्या जागेने.

प्रत्येक व्हीआर गेममध्ये एक बटण असते: दाबले की डोळे चालकाच्या ठरलेल्या जागी येतात. सोयीचे आहे, आणि ड्रायव्हिंग शिकवायला घातक. पाच फुटांची मुलगी आणि सहा फुटांचा बाप्या, दोघांचे डोळे सॉफ्टवेअर एकाच उंचीवर आणून ठेवते. दोघांना बॉनेट सारखेच दिसते. खऱ्या गाडीत बसल्यावर तिला बॉनेटचे टोक दिसतच नाही आणि पहिल्याच वळणावर चाक पदपथावर जाते. शिवाय चित्रातली स्टीअरिंग एकीकडे, हातातली दुसरीकडे. सीट पुढे-मागे करायचा, उंची लावायचा धडाच नाहीसा होतो, आणि तो तर पहिला धडा.

म्हणून ते बटण काढून टाकले. जुळवायचे ते डोळे नव्हेत, गाडी. लोखंडी सांगाडा आणि चित्रातली गाडी एकावर एक बसली की डोळे जिथे असतील तिथे असू देत.

पद्धत: स्टीअरिंग बेसशेजारी लाकडाची खोबण केली, त्यात हेडसेटसोबतचा, हातात धरायचा उजवा कंट्रोलर घट्ट बसतो. बटण दाबले की सेकंदभर त्याची जागा मोजायची, सरासरी घ्यायची, आणि चित्रातली गाडी त्या हिशेबाने सरकवायची. पुढे-मागे, वर-खाली छान जुळले. दिशा मात्र नाही. कंट्रोलर खोबणीत एका अंशाने तिरका बसला तरी २ मीटर पुढे बॉनेटचे टोक साडेतीन सेंमी सरकते, आणि माणसाला सतत गाडी किंचित वाकडी उभी असल्यासारखे वाटते.

२३ जून

दोन खोबणी केल्या, ५० सेंमी अंतरावर, सांगाड्याच्या आडव्या पाइपवर. आता कंट्रोलरचा कोन वापरतच नाही. एका खोबणीत जागा घ्यायची, मग दुसरीत, आणि दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवरून दिशा काढायची. मोजण्यात २ मिमीची चूक झाली तरी कोन पाव अंशाच्या आत राहतो. पुढे-मागे आणि बाजूचा कल मोजायची गरज नाही. हेडसेटला खाली कुठे ते ठाऊक असते, फक्त सांगाडा पाणसळीने समतल करायचा.

तपासणी: डोळे हेडसेटमध्ये, तर्जनी चित्रातल्या स्टीअरिंगच्या वरच्या टोकाकडे. बोट खऱ्या चाकावर टेकले पाहिजे. मग गिअरचा गोळा, मग हँडब्रेक. तिन्ही जागी बोट सेंमीभराच्या आत पडले तर सत्र सुरू. आता सीट पुढे ओढली की बॉनेट खरोखर जवळ येते, उशी घेतली की खरोखर वर होते.

एक सापळा: खोलीची सीमारेषा पुन्हा आखली, हेडसेट झोपून जागा झाला किंवा कुणी बटण दाबून धरले, की मूळबिंदू (जिथून हेडसेट सगळी अंतरे मोजतो) हलतो. मूळबिंदू हलल्याचा इशारा प्रोग्रामला मिळतो. तो आला की पडदा करडा करून पुन्हा दोन खोबणी मागायच्या, असे केले. कंट्रोलर शिकाऊ माणसाच्या हातात द्यायचेच नाहीत.

२४ जून

हात दिसत नाहीत याने फारसे अडत नाही. चाकावर हात असतोच, आणि गिअर न पाहता टाकायचाच असतो. हाताचा मागोवा चालू करून पाहिला. चाकाआड गेलेली बोटे हरवतात, आणि मग पडद्यावर बोटे उलटी वळलेली दिसतात. बंद ठेवले.

३० जून

आरसे. हेडसेट घ्यायचे खरे कारण हे.

कॅमेऱ्याचे चित्र आरशावर चिकटवले तर तो टीव्ही होतो. मान हलवली तरी आत तेच. खऱ्या आरशात मान जरा पुढे केली की जास्त दिसते, आणि ही सवयच शिकवायची आहे. त्यामुळे प्रत्येक आरशाचे चित्र डोळ्याच्या जागेवरून उलटवून काढावे लागते. तीन आरसे, दोन डोळे: सहा चित्रे जास्तीची.

चित्र किती मोठे हवे याचा हिशेब आधी केला. या हेडसेटमध्ये नजरेच्या मध्यभागी दर अंशाला साधारण २५ पिक्सेल येतात. डावा आरसा १७ सेंमी रुंद, डोळ्यापासून १.३ मीटरवर: साडेसात अंश, म्हणजे १८७ पिक्सेल. उजवा ७५ सेंमीवर: १३ अंश, ३२५ पिक्सेल. आतला २२ सेंमी, ६० सेंमीवर: २१ अंश, ५२० पिक्सेल. म्हणून चित्रे २५६, ३८४ आणि ५१२ रुंदीची ठेवली. आधी तिन्ही १०२४ ची होती. ते काम पाण्यात जात होते.

आतला आणि उजवा आरसा दोन्ही डोळ्यांना वेगळा, डावा एकाच चित्राचा. आतला आणि उजवा आळीपाळीने एकेका फ्रेमला ताजे होतात, म्हणजे प्रत्येकी सेकंदाला ३६ वेळा. १३.९ मिलिसेकंदांत बसले. डावा आरसा बहिर्वक्र असतो, वस्तू लहान आणि दूर वाटतात. तो सपाट दाखवला तर मागची दुचाकी खऱ्या आरशातल्यापेक्षा जवळ दिसेल आणि नेमकी चुकीची सवय लागेल, म्हणून त्यात दिसणारा कोन मुद्दाम रुंद केला.

२ जुलै

मान वळली की नाही याची नोंद आता आपोआप होते: दिशा बदलण्याआधीच्या ३ सेकंदांत डोके किती अंश वळले. आकडे फार चांगले येतात. तेवढ्यावर खूश होऊ नये. हेडसेटमध्ये आडवे दिसते ते ११० अंश, म्हणजे समोरून दोन्हीकडे ५५. डावा आरसा जवळजवळ त्याच काठावर. मान वळवल्याशिवाय तो दिसतच नाही, म्हणून सगळे वळवतात. खऱ्या गाडीत तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो आणि मान तिथेच राहते. शिवाय या हेडसेटमध्ये बुबुळांचा मागोवा नाही, त्यामुळे नुसती नजर टाकणारा अनुभवी चालक नोंदीत नापास दिसतो. हा आकडा प्रशिक्षकाला दाखवायचा, गुण द्यायला वापरायचा नाही.

५ जुलै

चिन्हे आणि नंबरप्लेट. परवान्याच्या अर्जातल्या स्वयंघोषणेत २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, असा प्रश्न असतो. तोच इथे करून पाहिला. मोटारीच्या प्लेटवर अक्षर ६५ मिमी उंच. २५ मीटरवर ते ०.१५ अंश, म्हणजे हेडसेटमध्ये पावणेचार पिक्सेल. चार पिक्सेलांत अक्षर मावत नाही. १० मीटरवर ९ पिक्सेल होतात, तिथे कुठे वाचता येते. डोळे उत्तम असलेला माणूसही या हेडसेटमध्ये त्या प्रश्नाला नापास.

वेगमर्यादेची ६० सेंमीची पाटी ५० मीटरवर १७ पिक्सेल, आतले आकडे ७. ३० मीटरवर वाचता येते. ५० किमी वेगाने ३० मीटर म्हणजे दोन-सव्वादोन सेकंद. चित्र १.३ पट मोठे काढून छोटे केले तर कडांची चमचम थांबते, पण पडद्यावर नसलेले पिक्सेल त्याने येत नाहीत.

पाट्या दुप्पट मोठ्या करायची युक्ती सुचवली गेली. नाकारली, कारण पाटीचा आकार हा अंतर ओळखायचा अंदाजही असतो. चिन्हांचे धडे हेडसेटमधून काढून ४३ इंची मॉनिटरवर नेले. हेडसेट पाहायला शिकवतो, वाचायला नाही.

अंतराबाबतही सावध राहायचे. हेडसेटमध्ये माणसे अंतर कमी धरतात, ही जुनी आणि पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट आहे. कडेची दृष्टी कापली गेल्याने वेगही कमी वाटतो. ‘पुढच्या गाडीच्या किती मागे थांबलात’ याचे मीटर इथे मोजून शिकवू नयेत.

९ जुलै

सीटखाली ५० वॅटचा कंपक बसवला, रबराच्या गुटक्यांवर, नाहीतर कंपने खालच्या दुकानात ऐकू जातात. कल्पना अशी: गाडी बंद पडायच्या आधी इंजिन गुदमरते, ते कानाआधी बुडाला कळते. तीन सिलिंडरचे इंजिन ८०० फेऱ्यांवर सेकंदाला २० ठोके देते, ५०० वर साडेबारा. कंपक २० हर्ट्झखाली जवळजवळ मुका. म्हणून वारंवारता दुप्पट केली आणि फेऱ्या घसरल्या की ठोक्यांचा जोर वाढवला. भौतिकदृष्ट्या ही लबाडी आहे. पण क्लच सोडताना ‘आता पकडतोय’ हे शिकाऊ माणसाला इंजिनाचा काटा न बघता कळू लागले. इतर कुठल्याही सुधारणेचा एवढा उपयोग झाला नाही.

१४ जुलै

मळमळ. मोजायला १९९३ ची केनेडी आणि सहकाऱ्यांची प्रश्नावली: १६ लक्षणे, प्रत्येकाला ० ते ३. मळमळ, डोळ्यांचा ताण आणि दिशाभ्रम असे तीन गट. एक लक्षण दोन गटांत येऊ शकते. तिन्ही गटांच्या कच्च्या बेरजा एकत्र करून ३.७४ ने गुणायचे. गटांची कच्ची बेरीज २, ३, १ आली तर एकूण २२.४. सत्राआधीही भरून घ्यायची. उपाशी आलेला, रात्री जागलेला माणूस बसायच्या आधीच आकडा घेऊन येतो.

तक्रारी सरळ रस्त्यावर नाहीत. येतात त्या तीन जागी: ‘८’ च्या आकड्याचा ट्रॅक, गतिरोधक, आणि पूर्ण थांबताना. थांबण्याचे कारण सापडले. शेवटच्या अर्ध्या सेकंदात गाडीचे नाक खाली जाऊन वर येते, चित्र डुलते, आणि शरीर मात्र जागचे हललेले नसते. कॅमेऱ्यापर्यंत जाणारा पुढे-मागे डुलण्याचा कोन निम्मा केला. बाजूचा कल तसाच ठेवला, तो काढला तर वळण घसरल्यासारखे वाटते.

बाकी उपाय साधे: समोर टेबलफॅन. पहिले सत्र ५ मिनिटांचे, पुढची १० ची, मध्ये तेवढीच विश्रांती. क्रम सरळ रस्ता, हलके वळण, चढ, आणि ‘८’ सर्वात शेवटी. पहिली ढेकर, पहिला घाम, पहिली जांभई आली की थांबायचे. ‘अजून थोडं चालवतो’ ऐकायचे नाही, सवय जोराने होत नाही. आणि सत्र संपल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे. इथे प्रत्येकजण स्कूटरवर येतो. गरगरणाऱ्या डोक्याने त्याला थेट रस्त्यावर सोडायचे नाही.

१७ जुलै

रिव्हर्स. मान डावीकडून पूर्ण मागे वळवली की हेडसेटच्या पट्ट्याचा मागचा भाग सीटच्या डोकेटेकूला आपटतो, हेडसेट सरकतो आणि सगळे धूसर. डोकेटेकू काढला. हेडसेटला संगणकाशी जोडणारी केबल ओढली जाते म्हणून छताला हुक लावून स्प्रिंगच्या फिरकीवरून सोडली. ५ मीटर केबल, संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये. पुढच्या पोर्टमधून पुरेशी वीज मिळत नाही, आणि सलग सत्रांत बॅटरी चार्ज होण्याऐवजी उतरत जाते.

१९ जुलै

पावसाळ्याची कामे. बाहेरून भिजून आलेल्या माणसाच्या चेहऱ्याची वाफ भिंगांवर बसते. लावण्याआधी चेहरा पुसून दोन मिनिटे पंख्याखाली. रात्री हेडसेट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह. या हवेत भिंगांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. ऊन पडले की उलट काळजी: भिंगांवर थेट ऊन पडले तर ते आतल्या पडद्यावर एकवटते आणि डाग कायमचा. खिडकीला जाड पडदा.

चेहऱ्याला लागणारे सिलिकॉनचे आवरण दर माणसामागे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. भिंगांना अल्कोहोल नाही, कोरडे मायक्रोफायबर. टिकली आधी काढून घ्यायला सांगावे, नाहीतर पुढच्याच्या कपाळावर निघते. अंबाडा असेल तर पट्टा खाली घसरतो. वेणी घातलेली सोयीची. तेल लावलेल्या केसांनी कापडी पट्टा महिनाभरात वास मारतो, म्हणून दोन पट्टे आलटून-पालटून धुवायचे. चष्मेवाल्यांसाठी भिंगांचे डोळ्यांपासूनचे अंतर वाढवून मगच हेडसेट लावायचा, भिंगावर चष्म्याचा ओरखडा परत निघत नाही.

डोळ्यांतले अंतर प्रत्येकाचे पट्टीने मोजून नोंदवहीत. हेडसेटचे चक्र ५३ ते ७५ मिमीपर्यंत फिरते. हे न करता बसवलेल्या माणसाची डोकेदुखी गाडीच्या नावावर जाते.

२२ जुलै

दुपारी हेडसेट दोनदा जागा विसरला. भिंती नुकत्या पांढऱ्या रंगवल्या आहेत, हेडसेटच्या कॅमेऱ्यांना धरायला खूणच नाही. आरटीओच्या चिन्हांचे तक्ते वेगवेगळ्या उंचीवर, थोडे तिरके लावले. कोपऱ्यातला मोठा आरसा झाकला. ट्रॅकिंगची वारंवारता स्वयंचलितवरून ५० हर्ट्झवर नेली, इथल्या विजेची तीच आहे. छताचा पंखा बंद, टेबलफॅन चालू. त्यानंतर विसरला नाही.

२६ जुलै

चढावर गाडी काढण्याचा धडा तयार. हँडब्रेकच्या दांडीला क्लचसारखाच १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, एडीएस१११५ च्या मोकळ्या वाहिनीवर. दांडी गाडीची खरीच आहे, त्यामुळे खटके हाताला कळतात. चढ दिसतो पण पाठीला लागत नाही, हे उणे आहेच. सीटच्या पुढच्या पायांखाली ४ सेंमीचे लाकडी ठोकळे घालून पाहिले. पाठ टेकते, पण पेडल आणि स्टीअरिंग जागेवरच राहिल्याने ६ जूनची सगळी मापे मोडतात. ठोकळे काढले. संपूर्ण सांगाडा तिरका करायचा तर हेडसेट खोलीच्या हिशेबाने तो कल स्वतःच चित्रात घालतो, आणि चढ दुप्पट होतो. तेवढा कोन चित्रातून वजा करणारा कोड लिहायचा आहे.

२९ जुलै

उरलेले: वरचा वजाबाकीचा कोड, डावा आरसा दोन्ही डोळ्यांना वेगळा करता येतो का ते पाहणे, सध्या १३.९ पैकी १२.६ मिलिसेकंद खर्च होतात. दुसरा एचएक्स७११ बोर्ड सुटा आणून ठेवणे. खोबणीचे लाकूड पावसाने फुगून कंट्रोलर आत अडकतो आहे, ते ॲक्रिलिकचे करणे.